दांडीला बांधलेला दुपट्टा

कंदील बारीक करा. गोष्टीला उजेड लागत नाही, आणि रॉकेल फुकट मिळत नाही. मधे कोणी हसायचं नाही.

आपल्या घरात भूतखेत मानत नाहीत. छप्पन्न साली दीक्षा घेतली, तेव्हापासून मानत नाहीत. देवाजीही मानत नव्हता. मागच्या आळीतला देवाजी, तोच. खोटं बोलण्याइतका तो बोलतच नसे.

त्र्याऐंशी साल. मे महिन्याची चौदा तारीख, शनिवार. तेंदूपत्त्याचे दिवस. त्याच्या बायकोच्या, बायनाबाईच्या, तळपायात जंगलात बांबूचा खुंट घुसला होता. तिने जखमेत हळद भरली आणि आणखी आठ दिवस पाने तोडली. नवव्या दिवशी दातखीळ बसली. तालुक्याच्या दवाखान्यात डॉक्टरने पाहिलं आणि म्हणाला, धनुर्वात आहे. औषध नागपूरहून आणावं लागेल, बर्फात ठेवून. उद्या सूर्य उगवायच्या आत सुई लागली तर लागली.

तिची थोरली बहीण गिरजाबाई खाटेपाशी बसली आणि देवाजी नागपूरला गेला. औषध मिळालं. तोंड रुंद असलेला एक थर्मास घेतला, त्यात बर्फ भरला, बर्फात बाटल्या. एसटी निघून गेली होती. मग छोट्या लाइनची गाडी धरली.

ती गाडी थेट जात नव्हती. मधे जंक्शनवर बदलावी लागे. जंक्शनचं नाव घेत नाही, तिथले लोक अजून हयात आहेत. ही गाडी तिथे रात्री नऊ चाळीसला पोचायची आणि पुढची नऊ बावन्नला सुटायची. बारा मिनिटं. ती हुकली की दुसरी सकाळी नऊला. तेव्हा सूर्य उगवून डोक्यावर आलेला असणार.

दुसऱ्या दिवशी अक्षय तृतीया. डबा वऱ्हाडाने भरलेला. घाम, शिळ्या पुऱ्या, कोणाच्या तरी पोराने ओकलेलं. समोर मुखरू नावाचा म्हातारा बसला होता, बकऱ्यांचा व्यापारी. गाडी दर स्टेशनावर रेंगाळत होती.

"हिले बैल जुंपले असते त लवकर पोचली असती," मुखरू म्हणाला. "तू काऊन घडी घडी थर्मास कानाले लावून राह्यला गा? रेडिओ हाय का त्यात?"

"बर्फ वाजते का पाहून राह्यलो, भाऊ." देवाजीने मग सगळं सांगितलं.

मुखरूचं हसणं गेलं. "मंग आइक. जंक्शनवर एक रीत हाय. ज्याचे पाय चांगले त्यानं पुढं पळायचं आन् गार्डाच्या डब्याच्या दांडीले दुपट्टा बांधायचा. म्हंजे मागून माणसं येऊन राह्यली. दुपट्टा हाय तवरीक गार्ड हिरवा दिवा दाखवत नाई. जो शेवटी येते त्यानंच तो सोडायचा. दुसऱ्यानं नाई."

"सगळ्यायसाठी थांबते?"

मुखरू खिडकीबाहेर थुंकला. "ठेकेदाराच्या कोंबड्यायसाठी अर्धा घंटा थांबते. मागच्या साली सुकरीसाठी नाई थांबला."

सुकरी धानोऱ्याकडची. नवरा लालसू याच्यासोबत बांबू तोडायला आली होती. लालसूला रक्ताच्या उलट्या सुरू झाल्या. दवाखान्यात नेताना तिने त्याला मागे दोघांच्या खांद्यावर सोडलं, स्वतः पुढे पळाली आणि दुपट्टा बांधला. दुपट्ट्याला रक्त लागलेलं. गार्डाने पाहिलं दुपट्टा कोणाचा आहे ते. हात लावला नाही. झेंड्याच्या काठीने गाठ सोडवली, काठीनेच उचलून फेकला, काठी पाण्याने धुतली आणि गाडी सोडली. लालसू फलाटावरच गेला. सुकरी दिसेनाशी झाली.

"तिसऱ्या दिवशी सापडली," मुखरू म्हणाला. "इंजिनाच्या पाण्याच्या टाकीत. दोन दिवस साऱ्या स्टेशनानं तेच पानी पेलं. चहा बी त्याचाच. गार्डानंबी पेला. मीबी पेलो, बावा."

देवाजीच्या घशाशी आलं. ते टाकीमुळे की काठीमुळे, हे त्याला शेवटपर्यंत सांगता आलं नाही.

गाडी जंक्शनवर लागली तेव्हा नऊ बावन्न होऊन गेले होते.

देवाजीने उडी मारली. पुढची गाडी तिसऱ्या रुळावर उभी होती, तिचं इंजिन वाफ सोडत होतं. मधे बांबूने भरलेली मालगाडी. तिला वळसा घालायला वेळ नव्हता. सगळे खालून जायचे. तोही थर्मास छातीशी धरून खाली शिरला.

खाली वास होता. साचलेल्या पाण्याचा. त्यात काहीतरी फुगून मेल्याचा.

आपल्या पुढे कोणीतरी रांगत आहे असं त्याला वाटलं. चिखलात तळहात टेकल्याचा आवाज... थप्. थप्. पण जमीन कोरडी होती. मे महिना होता.

मग मालगाडीने हिसका दिला. चाक हललं. देवाजीचा सदरा कशात तरी अडकला. तो ओढू लागला. निघेना.

त्याच्या मनगटाला हात लागला. थंड. बुळबुळीत. कातडी सैल असलेला.

त्या हाताने ओढलं.

तो पलीकडे पडला. मागे चाकं फिरली. थर्मास छातीशीच होता. आजूबाजूला... कोणी नाही.

त्याने मनगट मातीत घासलं. तोंड फिरवून ओकला. मग उठून पळाला.

गाडी उभी होती. दहा वाजून सहा मिनिटं झाली होती, तरी उभी होती. इंजिन शिट्टीवर शिट्टी देत होतं. मागे गार्डाच्या डब्यापाशी हातदिवा खाली ठेवलेला. गार्ड दांडीशी झटत होता.

दांडीला दुपट्टा बांधलेला होता. मळका. त्यातून पाणी ठिबकत होतं.

गार्ड दोन्ही हातांनी गाठ ओढत होता. दातांनीही ओढून झालं असावं. सदऱ्याच्या पुढच्या भागावर ओकारी होती. त्याने देवाजीला पाहिलं.

"तूच राह्यला का मागं? सोड! सोड लवकर!"

"मी नाई बांधला, साहेब."

"तुह्या बाईनं बांधला. पुढं पळत आली ना ती..."

"माही बाई दवाखान्यात हाय."

गार्डाने आपल्या हातांकडे पाहिलं. मग विजारीला पुसले. पुन्हा पुसले.

"ओली होती," तो हळूच म्हणाला. "सारी ओली..."

इंजिनाची शिट्टी पुन्हा झाली. देवाजीला बर्फ आठवला. त्याने श्वास रोखला आणि एक बोट गाठीला लावलं.

गाठ सुटली. नुसत्या बोटाने.

दुपट्टा खाली पडला. देवाजीने वाकून पाहिलं. फलाटावर ओल होती. दुपट्टा नव्हता.

गार्डाने हिरवा दिवा दाखवला.

देवाजी डब्यात बसला. रात्रभर थर्मास कानाला लावत राहिला. आधी बर्फ वाजत होता. मग पाणी वाजू लागलं. शेवटी शेवटी त्याने कानाला लावणंच सोडलं.

तालुक्याला उतरून तो दवाखान्यापर्यंत पळाला. पहाटेचे साडेतीन. व्हरांड्यातच त्याला वास आला.

तोच वास.

तो दारात थांबला. खाटेवर बायनाबाई धनुष्यासारखी ताणलेली. पायथ्याशी गिरजाबाई, नाकाला पदर लावून. जवळ नर्स.

"जिती हाय," गिरजाबाई म्हणाली. "दहा वाजता गेलीच होती. श्वास थांबला. नर्सबाईनं चादर तोंडावर ओढली. मंग... आपोआप परत सुरू झाला."

डॉक्टर धावत आला. बाटल्या अजून गार होत्या. सुई दिली.

तेव्हा नर्स चिडून म्हणाली, "आता तरी ती घाण काढा. मी दोनदा सोडून पाहिलं, गाठ सुटत नाही. कोणी बांधली ती?"

"मी नाई बांधली," गिरजाबाई म्हणाली. "मले वाटलं तुम्हीच बांधली."

देवाजीने खाली पाहिलं. खाटेच्या पायथ्याच्या लोखंडी दांडीला मळका दुपट्टा बांधलेला होता. त्यातून पाणी ठिबकत होतं. फरशीवर थारोळं झालं होतं.



त्याने एक बोट लावलं. गाठ सुटली.

बायनाबाई जगली. परवा बाजारात दिसली ना तुम्हाला, तीच. दुपट्टा तिच्या पेटीत आहे. देवाजीने सोड्याने धुतला, राखेने धुतला, नदीत धुतला. वास जात नाही. आणि तेव्हापासून एकदाही तो पुरता वाळलेला नाही.