लाल गाडीचा शॉकअप

गाडीबद्दल कोणी ऐकीव काही सांगितलं की माझं डोकं फिरतं. चालवायची, तपासायची, मंग बोलायचं. तसेच व्हिडिओ मी टाकतो. यावेळी जालन्याहून दोन दमदार इलेक्ट्रिक बाईक ट्रायलला आणल्या होत्या. काळी डांबरी रस्त्याची, लाल ती मातीत उडवायची. कल्याणदाजींना त्यातली एक घ्यायची होती, म्हणून थेट भावनाताईच्या घरी, पिंपळगाव रेणुकाईला गेलो.

ताईनं दोन्हींना हळदीकुंकू लावलं, चाकाखाली लिंबं ठेवली. काळीखालचं फचकन फुटलं. लाल मात्र पुरती वरून गेली, तरी लिंबू जसंच्या तसं.

"टायर मऊ असंल," मी म्हणालो.

दाजींनी ते उचललं, पाण्याच्या बाटलीत पिळलं अन् घटाघट पिऊन टाकलं.

"अहो, चाकाखालचं लिंबू कोणी पितं का!" ताई ओरडली.

"ऊन किती हाय! वाया कशाला घालू?" दाजी हसत लाल गाडीवर बसले, मी काळीवर.

ताईचा चेहरा उतरला. "हरिओम, यांना बराबर घेऊन ये."

"आणतो गं. कुठं पळून चाललेत?"

डांबरीवर काळीच सरस. वळणावर काय चिकटून चालते, वा! लाल तिथं नुसती थरथरत होती. मंग मिरचीच्या मोकळ्या वावरात उतरलो अन् सगळं उलटं झालं. काळी ढेकळांत धडपडायला लागली, लाल उड्या मारत पुढं गेली.

तेव्हा मला दिसलं, लालचा मागचा शॉकअप पार बसलाय. दाजी अंगानं काडी. डबलसीट घेतल्यावर बसतो तसा तो बसला होता, अन् त्या गाडीला मागं सीटच न्हाई.

"दाजी, थांबा जरा!"

"ब्रेक दाबून राह्यलो न! थांबंना!"

खोटं नव्हतं. ब्रेकचा लाल दिवा लागलेला दिसत होता. चाक तरीही फिरत होतं. मोटरचा आवाज न्हाई, नुसती माती उडण्याचा. मी जीव खाऊन काळी रेटली, ती ढेकळांत रुतली. टाकून पळालो. दाजी वावराला घिरट्या घालत होते, अन् दर घिरटीला शॉकअप आणखी दबत होता.

"हरिओम, उतरव रे मला!"

कसं उतरवणार? आडवा गेलो, गाडी मला चुकवून गेली. हात धरायला गेलो, पोचलाच न्हाई. तिथंच ढेकळांत बसून मी रडलो.

मंग गाडी आपोआप थांबली. दाजींनी शांतपणे स्टँड लावला, उतरले.

"चल घरी."

मला इतका आनंद झाला की काही विचारलंच न्हाई. काळी ओढून वाटेवर आणली, सुरू केली.

"बसा दाजी."

"बसलो."

गाडी दबली न्हाई.

"बसलात का?"

"बसलो न." अगदी कानाजवळ.

शॉकअप तसूभर हलला न्हाई.

फोन वाजला. ताई. "घेतलंस न यांना संगं?"

"हो म्हण तिला," मागून दाजी म्हणाले.

मी हो म्हणालो.

मान वळवायची हिंमत होईना. आरशात बघितलं. वावरात लाल गाडी पाठमोरी उभी होती, रिकामी. शॉकअप तसाच बसलेला.

ब्रेकचा दिवा अजून लागलेला होता.