ईटच्या घळीतले ट्रायलोबाइट

ईट गावापलीकडच्या घळीत आम्ही तिघं एकाच कामासाठी उतरलो: दिग्विजयला सापडलेले ट्रायलोबाइट कोणत्या जातींचे, हे ओळखायला. ट्रायलोबाइट म्हणजे पुरातन समुद्रातले कवचधारी जीव, आता दगड झालेले. दिग्विजय माझा जुना विद्यार्थी, आता प्राध्यापक. या शोधावरच्या त्याच्या लेखावर माझ्या नातीचं, शिवांजलीचंही नाव होतं. तिची पीएचडी त्याच लेखावर उभी होती.

मी रागातच निघाले होते. धाराशिवच्या कॉलेजात भूशास्त्र शिकवायचे तेव्हा याच घळीत त्याच्या वर्गाला आणून सांगितलं होतं, हा काळा दगड लाव्ह्याचा, इथं समुद्र शोधू नका. तेव्हा ओढा बारमाही वाहायचा, पोरं करवंदं खात ऐकायची. त्यानंही ऐकलं होतं!

दोर धरून आम्ही डोहावरच्या कपारीत पोचलो. दोन लाव्ह्यांमधल्या तांबड्या मातीच्या थरात दोन दगड रुतलेले होते. मी नखानं माती खरवडली. आत राखाडी चुनखडी, समुद्रात बनणारा दगड.

"याचे डोळे बघ, दाणेदार. हा फॅकोप्स. आणि हा अणकुचीदार गालांचा, रेडलिचिया. दोघांत बारा कोटी वर्षांचं अंतर आहे, दिग्विजय. एका थरात कसे नांदले?"

"बाई, तुमचं वय झालं."

"विकत कुठून आणलेस?"

"सर?" शिवांजलीचा आवाज चिरका झाला.

दिग्विजयनं हातोडीनं दोन्ही दगड उखडले. घाव कातळावर घुमले. वरचं आग्या मोहोळ उठलं!

"वर चला!" मी पदर तोंडावर ओढला. शिवांजलीनं मला पुढं ढकललं. काठावर पोचून वळून पाहिलं, तर दगडांची पिशवी एका हातात घेऊन तो दोरावर लोंबकळत होता. हात घसरला. शिवांजलीनं वाकून त्याचं मनगट पकडलं. माश्या तिच्या कानाला, गालाला डसत होत्या.

"पिशवी सोडा, सर!"

सोडेना. तीही पुढं सरकू लागली. मी तिची कंबर धरली आणि वर्गात ओरडायचे तशी ओरडले, "दिग्विजय, सोड!"

पिशवी डोहात गेली. दोघींनी त्याला वर ओढलं आणि तिघं करवंदीच्या जाळीत पालथे पडून राहिलो. बऱ्याच वेळानं घोंगावणं थांबलं.

सुजल्या तोंडानं तो म्हणाला, "आता पुरावा न्हाय, बाई. लेख राहू द्या. हिची पदवी तरी वाचंल."

"उद्या कळवते मी," शिवांजली म्हणाली. "लेख खोटा आहे म्हणून. माझं नाव घालून."

"तीन वर्षं पाण्यात जातील तुझी."

"जाऊ द्या."

मी त्याच्या मानेतले माश्यांचे काटे एकेक उपटू लागले. हळू हातानं नाही.