जंगलूचे ठसे

ऐका पोरहो, मधात बोलू नका. हे हेमराजच्या बाबतीत घडलं, आणि हेमराज माझ्या शेजारचा माणूस. मागच्या वर्षी, सतरा डिसेंबर, बुधवार.

बोरगाव मेघेतलं ते बंद चित्रघर तुम्ही पाहिलंय. पुढं भिंतीवर विकायची चित्रं लागायची, मागं छापखाना. लाकडात चित्र कोरायचा, शाई लावून छापायचा हेमराजचा बाप, जंगलू. अन् खाली पेन्सिलीनं सही ठोकायचा मालक, हिरालाल! तीस वर्षं हेच चाललं. पेपरात फोटोही त्या चोराचाच. सात वर्षांमागं जंगलू मेला आणि चित्रघराला कुलूप लागलं.

त्या दिवशी हिरालालचा फोन आला. "हेमराज, तुह्या बापानं कोरलेले लाकडाचे ठसे पोत्यात भरून ठेवजो. सकाळी नागपूरची गाडी येते. अजून प्रती काढाच्या हायेत."

"शेठ, नाव कोनाचं राहीन?"

"माह्यं. काऊन, तुह्या बापाचं टाकू काय?"

हेमराजचं टाळकं सरकलं. या कामाची एक रीत आहे. ठरल्या तेवढ्या प्रती निघाल्या की ठशावर आडवी चीर मारायची, म्हणजे पुन्हा कोणी छापू नये. हिरालालनं जंगलूला ती कधी मारू दिली नव्हती. हेमराजनं घरून पटाशी घेतली.

रात्री साडेआठला तो कुलूप उघडून छापखान्यात शिरला. एकेका ठशावर चीर ओढत गेला. बैल, कापूस वेचणाऱ्या बाया, सागाचं रान... बापाची मेहनत स्वतःच्या हातानं चिरत होता, रडत होता, हिरालालला शिव्या घालत होता. शेवटचा ठसा त्याच्या आईचा होता. रुखमाचा. त्यानं पटाशी उचलली...

मनगट कोणीतरी धरलं.

मागं कोणी नव्हतं. पकड सुटेना. पटाशी पडली. ठसा... हातातून गेला.

मग छापायच्या यंत्राचं चाक फिरलं. सात वर्षं गंजलेलं चाक. कर्र... कर्र... थांबलं.

"बाबा?"

...

हेमराज उजाडेपर्यंत भिंतीला टेकून बसला होता.

सकाळी हिरालाल आला. चिरलेले ठसे पाहून आयमायवरून शिव्या देऊ लागला. तेवढ्यात यंत्रावर त्याला रुखमाचं चित्र दिसलं. शाई अजून ओली होती. निर्लज्जानं सवयीनं खिशातून पेन्सिल काढली, वाकला, आणि वाकलेलाच राहिला.

चित्राखाली सही झालेली होती. जंगलू.

अन् पोरहो, जंगलू शाळेत कधी गेला नाही. रेशनच्या दुकानात मरेपर्यंत अंगठाच लावत होता.