हिरव्या ठिपक्याचा डबा

"डबा गेला," सिंधुबाई फोनवर म्हणाल्या.

"कोणी नेला?"

"ते कळलं असतं तर तुम्हाला कशाला फोन केला असता, फौजदारबाई?"

आशा पगारांनी हातातला चहा तसाच ठेवला. त्या पोलीस खात्यातून निवृत्त झाल्या होत्या, पण ओळखीतलं काही हरवलं की लोक अजून आधी त्यांना फोन लावत आणि मग चौकीला. त्यातून हा डबा त्यांच्या मावसभावाचा, बहिरूनाना आहेरांचा. उद्या सकाळी ग्राहक मंचात त्याची सुनावणी होती.

डब्याची गोष्ट गंगापूर रोडवरच्या त्या इमारतीत आता शेंबड्या पोरालाही पाठ होती. नाना मूळचे देवळ्याचे, कांद्याचे व्यापारी. गळ्यात तुळशीची माळ, घरात कांदा पोत्यांनी पण अंडं कधी आलं नाही. दिल्लीला कांदा व्यापाऱ्यांची सभा होती म्हणून आयुष्यात पहिल्यांदा विमानात बसले. सोबत बालमित्र मल्हारी देवरे, तोही माळकरी. नीलपंख एअरवेजच्या पोरीनं शाकाहारीचा हिरवा ठिपका लावलेला डबा दिला. नानांनी पहिलाच तुकडा दाताखाली घेतला आणि हाड लागलं.

नाना ओरडले. पोरगी शांतपणे म्हणाली, तेवढा पीस बाजूला काढून ठेवा, बाकी चांगलं आहे. दिल्लीला उतरल्यावर नानांनी तक्रार केली, तर या खिडकीवरून त्या खिडकीवर, तिथून मॅनेजर जेवायला गेलेत. महिन्यानं कंपनीचं पत्र आलं. अभिप्रायाबद्दल आभार, पुढच्या प्रवासात दहा टक्के सूट. आपल्या जेवणात अशी चूक होतच नाही, असंही त्यात होतं.

पण नाना काही कच्च्या गुरूचे चेले नव्हते. तो डबा तसाच प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून ते नाशिकला घेऊन आले होते. भरलेला डबा, वर हिरवा ठिपका, आत दाताची खूण असलेला एकच तुकडा. फोटो मात्र काढला नव्हता, कारण वस्तू हातात धरून दाखवावी ही व्यापाऱ्याची खोड. स्वतःच्या फ्रीजमध्ये असली वस्तू ठेवणार कशी? म्हणून समोरच्या सिंधुबाई शेजवळांच्या बर्फाच्या कप्प्यात ठेवली. त्यांच्याकडे दर रविवारी कोंबडी शिजायची.

आशाताई पोचल्या तेव्हा नाना भिंतीला टेकून जमिनीवर बसले होते.

"आशे, भरपाई गेली खड्ड्यात," ते म्हणाले. "देवळ्यात काय बोलत्यात म्हाईत हाय का? नानानं इमानात कोंबडी चापली आन् वरतून बोंब मारली. मंडळानं भजनाला बोलवायचं बंद केलं. डबा दावला असता तर तोंडं मिटली असती. आता म्या कोन्च्या तोंडानं गावात जाऊ?"

हा माणूस आजवर कुणापुढे रडला नव्हता. आशाताईंना त्याच्याकडे बघवेना. त्या समोरच्या घरात गेल्या.

"दार उघडं होतं?"

"दुपारी गच्चीवर पापड वाळत घालायला गेले होते. दार लोटलेलं होतं. इथं कोण कुलूप लावतं?"

"त्याआधी कोण आलं होतं?"

"तो लखन. तिकिटं विकतो तो. कंपनीनं समेटाला पाठवलेला. पेढे आणि दोन फुकट तिकिटं घेऊन आला होता. नानांनी दारातून हाकललं, मग मीच त्याला पाणी दिलं. स्वयंपाकघरातच प्यायला."

"फ्रीज बघितला त्यानं?"

"फ्रीजला टेकूनच उभा होता मेला."

आशाताईंनी बर्फाचा कप्पा उघडला. बर्फ साचलेला नव्हता. म्हणजे डबा कुठं चिकटलेला नव्हता, पिशवी नुसती उचलली की हातात आली असती. त्यांनी दार लावलं आणि फ्रीजच्या डोक्यावर नजर टाकली.

"ही सांडशी इथं ठेवता?"

"नाही हो. ती ओट्यावर असते. मी संध्याकाळी चहाला शोधत होते."

आशाताईंनी सांडशी होती तिथंच राहू दिली.

लखन खालीच सापडला, कोपऱ्यावरच्या गाडीवर अंडाभुर्जी खात.

"डबा तू नेलास?"

"मॅडम, आईशप्पथ नाही. मला समेट पाहिजे होता. डबा गायब झाला तर बोट माझ्याकडंच येणार, एवढं कळतं मला."

"घरात कोंबडी शिजते का रे?"

"हा काय प्रश्न झाला मॅडम? सगळं चालतं आपल्याला." त्यानं पावानं ताटली पुसून घेतली.

वर नानांच्या घरी सून वैष्णवी स्वयंपाकाला लागली होती. आशाताई ओट्याशी उभ्या राहिल्या.

"दुपारी घरी कोण होतं गं?"

"मी, नाना आणि मल्हारीकाका. काका सकाळीच देवळ्याहून आलेत, उद्या साक्ष आहे ना त्यांची. नाना झोपले होते. मी शिवणाला बसले होते."

"आणि काका?"

"होते की बाहेरच्या खोलीत. मग अंघोळीला गेले. सकाळी केली होती, पण म्हणाले लय उकडतंय."

मल्हारी देवरे गॅलरीत बसले होते. ठेंगणे, पांढरी टोपी, गळ्यात माळ. देवळ्यात त्यांची एक ख्याती होती. कुणाच्याही लग्नात जेवले तरी हात धुता धुता नावं ठेवल्याशिवाय राहायचे नाहीत. बुंदी कडक, वरण पातळ, काही ना काही निघायचंच. लोक हसून सोडून द्यायचे.

"काका, विमानात तुम्ही नानांच्या शेजारी होता?"

"न्हाय. दोन रांगा फुडं, खिडकीपाशी. नाना वराडला तवा उठून बघितलं. हाड दिसलं."

"तुम्हालाही तोच डबा दिला असेल?"

"दिला ना. पन माझा गुरुवार व्हता. म्या उघडला बी न्हाय, तसाच वापस केला."

"बरं झालं म्हणायचं. एवढं महाग तिकीट, आणि जेवण असलं?"

"काय सांगू ताई," मल्हारीकाका लगेच पुढे सरकले. "निस्ती लूट. रश्श्याला मीठ न्हाय. भात गिचका. ते पनीर म्हंत्यात ते तर चावता चावंना, रबरावानी."

"खरंय," आशाताई म्हणाल्या आणि आत येऊन नानांपाशी बसल्या.

"नाना, तुमच्या डब्यातल्या रश्श्याला मीठ होतं का?"

"मला काय ठाव? पयल्या घासाला हाड लागलं. चव कळाया तोंडात ऱ्हायलं काय?"

आशाताई उठल्या. उत्तर हातात आलं होतं, पण ते उच्चारावंसं वाटत नव्हतं. मग त्यांनी सिंधुबाईंना बोलावलं, मल्हारीकाकांना आत घेतलं.

"डबा कंपनीनं नेलेला नाही," त्या म्हणाल्या. "नेणाऱ्यानं तो सांडशीनं धरून काढला. लखननं हातानं उचलला असता. सिंधुबाईंनीही. ज्याला ती वस्तू पिशवीसकट शिवणंही नको, त्यालाच सांडशी लागते. डबा बाहेर टाकून आल्यावर सांडशी परत ओट्यावर, दुसऱ्याच्या स्वयंपाकात ठेवायलाही त्याचं मन धजलं नाही. म्हणून ती फ्रीजवर राहिली. म्हणजे चोर माळकरी आहे."

"मंग म्या चोरला व्हय?" नाना म्हणाले.

"तुम्ही झोपला होता, आणि तुमची तर लाजच त्या डब्यात होती. वैष्णवीनं नंतर अंघोळ केली नाही. ती केली एकट्या मल्हारीकाकांनी."

मल्हारीकाका उठायला गेले.

"बसा काका. गुरुवार होता, डबा उघडलाच नाही म्हणालात. मग मीठ नाही हे कसं कळलं? चावेना हे कुणी सांगितलं? नानांना तर चव लागलीच नव्हती. तुम्ही अख्खा डबा संपवलात, काका. तुमच्या वाट्याला हाड आलं नाही, एवढाच फरक. नाना ओरडले तेव्हा आपण काय खाल्लं ते तुम्हाला कळलं."

मल्हारीकाका परत खाली बसले.

"उद्या मंचात वकील पहिलं हेच विचारणार होता, की तुम्हीही तेच खाल्लंत का. शपथेवर खोटं बोलायचं तुमच्या जिवावर आलं, आणि खरं बोललात तर गावात तोंड दाखवायची चोरी. डबाच नसला तर सुनावणीच उभी राहत नाही. बरोबर?"

मल्हारीकाकांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. "म्या काय जानूनबुजून खाल्लं व्हय?" ते पुटपुटले. "पनीर म्हनून खाल्लं. मागल्या उकिरड्यावर टाकला डबा. कुत्र्यांनी नेला."

"अजून एक," आशाताई म्हणाल्या. हे त्यांना नानांसमोर बोलायचं नव्हतं, पण इलाज नव्हता. "नानांनी कोंबडी चापली हे देवळ्यात गेलं कसं? त्या विमानात देवळ्याचे दोघंच होते."

आता नानांनी मान वर केली. इतका वेळ ते ऐकत होते खरे, पण हे त्यांना आत्ता पोचलं.

"तू सांगितलंस, मल्हारी?"

"गावात कुनकुन लागली व्हती का दोघांनी काय तरी खाल्लं. मला वाटलं, एकाचंच नाव निघालं तर..."

"माझं."

मल्हारीकाकांनी नुसती मान डोलावली.

"आरं, मला सांगायचं व्हतं," नाना म्हणाले. आवाज चढला नव्हता. "दोघांनी मिळून गंगेवर जाऊन डुबकी मारली असती. बुवाकडून दोघांनी नवी माळ घातली असती. चुकून खाल्लं त्याचं पाप कसलं? त्या इमानवाल्या पोरीला तरी म्या कोन व्हतो? तू तर माझ्या पंगतीतला."

"उद्या खरं सांगतो नाना. समद्यांसमोर सांगतो, म्या खाल्लं म्हनून."

"सांग. मंचाला पटंल."

सिंधुबाई हळूच निघून गेल्या. आशाताईंनीही चपला घातल्या, पण दारातच थांबल्या. स्वयंपाकघरातून वैष्णवीनं विचारलं, "नाना, दोन ताटं घेऊ ना?"

मल्हारी आला की ते दोघे नेहमी मांडीला मांडी लावून बसायचे. लग्नातही कुणी त्यांच्यामध्ये पाट टाकत नसे.

"एकच घे," नाना म्हणाले. "त्याला वाढ. दारातला मानूस उपाशी झोपाया नको. मला भूक न्हाय."

नाना गॅलरीत जाऊन पाठमोरे उभे राहिले. मल्हारीकाका ताटावर बसले. आजच्या गडबडीत वैष्णवी आमटीत मीठ घालायलाच विसरली होती. पहिल्या घासाला ते कळलं असणार. त्यांनी खाली मान घालून आमटी संपवली आणि तिच्याबद्दल चकार शब्द काढला नाही.