शिंप्याच्या परसातली व्हायोलेट

माळीबाबा त्या घरी गेले ते कुंपण छाटायला. दुपार ढगाळ होती, वारा अगदी पडलेला. घर शिंप्याचं. परसाकडच्या खिडकीशी त्याचं शिलाई मशीन, आणि त्याची खडखड साऱ्या परसात भरलेली. शिंपी मुलखाचा अबोल. घरात बोलायचं ते मशीनच.

कुंपण झालं तशी शिंप्याची बायको बाहेर आली. गेल्या थंडीत सासू वारली, तेव्हापासून ही अर्धी झाली होती.

"बाबा, तेवढी जांभळी फुलं उपटून द्या. मी लावली नाहीत. आपली आपणच आलीत."

"व्हायोलेट ही, रानातली. रानफूल आणि आगंतुक पाहुणा सारखेच, पोरी. बोलवावं लागत नाही, आणि घालवलं तरी जात नाही."

ती हसली नाही.

बाबा खुरपं घेऊन बसले. हिरवळीच्या मधोमध चारच झुपके होते, आसपास पाचवा नाही. सवयीनं त्यांनी वीत टाकली. इकडून दोन विती, तिकडूनही दोन. रान असं मोजून कधी उगवत नाही, त्यांच्या मनात आलं. पण उपटले झुपके, मुळांची माती झाडत झाडत घराच्या भिंतीपर्यंत नेले, आणि मुळं वर करून वाळत टाकले.

आठ दिवसांनी बोलावणं आलं. झुपके पुन्हा चार, पण आता घराकडे चार पावलं सरकलेले.

"चूक माझीच," बाबा म्हणाले. "माती झाडत गेलो ना, तीत बी असणार. माझ्याच हातानं पेरलं म्हणायचं." पण वीत टाकली तर याही दोन-दोनच भरल्या.

तिसऱ्या खेपेला झुपके मागच्या पायरीपासून हातभर अंतरावर होते. बाबांनी खुरपं रोवलं, तोच तिनं त्यांचं मनगट धरलं.

"नको... मला कळलंय काय आहे ते. खुर्चीचे पाय आहेत, बाबा. आईंच्या खुर्चीचे."

ती पायरीवर बसली.

"आईंना चालता यायचं नाही. दुपारी मी त्यांना खुर्चीत बसवून उन्हात ठेवायची. त्या दिवशी ठेवलं आणि बहिणीला दवाखान्यात न्यायला गेले. परतले तेव्हा अंधार पडला होता, पाऊस होऊन गेलेला. आई तिथंच... अंगावरची शाल चिंब. चौथ्या दिवशी गेल्या."

"आणि शिंपी कुठं होता?"

"घरातच. म्हणतात, तू मला सांगितलंच नाहीस. मला वाटतं, जाताना खिडकीतून सांगितलं होतं. रोज आठवून बघते... बघून बघून आठवणच झिजली, बाबा. सांगितलं की नाही, मलाच कळेनासं झालंय. आई आता मलाच विचारायला येताहेत."

खिडकीतलं मशीन थांबलं. क्षणभरानं पुन्हा सुरू झालं, पहिल्यापेक्षा जोरात.

"मग येऊ दे," बाबा हळूच म्हणाले. "आपलं माणूस दारात ताटकळत ठेवू नये. दार उघड, चार शब्द बोल."

तिनं दार सताड उघडलं.

"आई... आत चला. गारठा पडलाय."

काहीच हललं नाही. मात्र दोघांच्या मधून भिजलेल्या लोकरीचा वास गेला. पंधरा दिवसांत पावसाचा थेंब नव्हता. वास दाराशी आला, थोडा रेंगाळला... आणि आत न शिरता भिंतीकडेनं पुढं गेला.

पुढच्या आठवड्यात बाबा न बोलावताच गेले. पायरीपाशी काही नव्हतं. चार झुपके शिंप्याच्या खिडकीखाली उगवले होते, पार भिंतीला टेकून. खिडकी बंद होती, आतून खिळे ठोकलेली. मशीन मुकं होतं.

बायको झुपक्यांपाशी उभी होती. डोळे रडून सुजलेले, पण चेहरा कसा धुतल्यासारखा.

"आठवलं, बाबा. सांगितलं होतं मी," ती म्हणाली. "इथंच उभी राहून सांगितलं होतं. 'ढग आलेत, आईंना तासाभरात आत घ्या.' ते मान वर न करता हो म्हणाले होते."

बाबांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. मग काचेला कपाळ लावून आत पाहिलं.

शिंपी मशीनपाशी खोलीकडे तोंड करून बसला होता. सुईखाली अर्धी शिवलेली बाही, हात मांडीवर. खिडकीकडे त्याचं लक्षच नव्हतं. त्याच्यासमोर फरशीच्या सांध्यांतून चार झुपके वर आले होते, फुलांनी भरलेले. इतके जवळ, की गुडघ्याला गुडघा लागावा.

आणि शिंपी मान डोलवत होता... सावकाश, थांबून थांबून, कुणाचं तरी लांबलेलं बोलणं ऐकावं तशी.