हात मागे

ती त्या दुकानात शिरली ती एका बटणासाठी. गिऱ्हाइकाच्या करड्या कोटाचं तिसरं बटण हरवलं होतं आणि तिचं नेहमीचं दुकान नेमकं बंद. हे दुकान म्हणजे एक बोळच. दोन्ही भिंतींना छतापर्यंत लाकडी खण आणि प्रत्येक खणाच्या तोंडावर नमुन्याचं एक बटण.

"हातात घेऊन बघा ना," बटणवाला म्हणाला.

"नको. तुम्हीच दाखवा."

तिचे दोन्ही हात पाठीमागे, एकमेकांत गुंतलेले. काय तोरा आहे बाईचा, असं बटणवाल्याच्या मनात आलं. त्याच्या स्वतःच्या शर्टाचं दुसरं बटण मात्र गायब होतं आणि ते तिच्या नजरेतून सुटलं नाही.

मग ती दर आठवड्याला येऊ लागली. कधी दोऱ्यासाठी, कधी हुकांसाठी, कधी... नुसतीच.

"बाईसाहेब, माझी बटणं चावत नाहीत हं."

"तुमच्याच शर्टावर टिकत नाहीत, म्हणजे काहीतरी बिनसलंय त्यांचं."

"ती जागा राखून ठेवलीय."

"कुणासाठी?"

"शिवता येणारं कुणी..." तो घाईघाईनं खणांकडे वळला, पण कान लाल झालेले दिसलेच.

ती हसली, आणि घरी जाताना तिचे पाय जड झाले. चौतिसाव्या वर्षी प्रेमात पडायला हरकत काहीच नव्हती. कंटाळा होता तो पुढच्या सगळ्याचा. पंधराव्या वर्षी तिनं चार दुकानांतून वस्तू उचलल्या होत्या. अत्तराच्या बाटल्या, केसांच्या पिना, एक घड्याळ. गरज म्हणून नव्हे, मैत्रिणींत भाव खायला. त्या घड्याळापायी काउंटरवरच्या मुलीची नोकरी गेली, तेव्हाही ही गप्प राहिली. शेवटी सापडली. अकरा महिने मुलींच्या सुधारगृहात काढले. तिथे कुणी बाहेरचं आलं की बाई ओरडायच्या, "हात मागे!" ते हात मागे गेले ते गेलेच. पुढे दोन नोकऱ्या आणि एक ठरलेलं लग्न त्या अकरा महिन्यांनी गिळलं.

"या वेळी तोंड बंद ठेव," ताई म्हणाली. "एकोणीस वर्षं झाली. कोण उकरून काढतंय?"

"मीच काढेन गं. लपवून लपवून दमले."

त्या गुरुवारी दुपारी बटणवाल्यानं शिंपल्याच्या बटणांचा खण उघडून ठेवला होता. "एक विचारायचं होतं... या दुकानात दोन माणसं मावतील का हो?"

"आधी ऐकून घ्या," ती म्हणाली आणि उभ्याउभ्या सगळं सांगितलं. काउंटरवरच्या मुलीचंसुद्धा.

तो ऐकत होता. आणि ऐकता ऐकता त्याच्या हातानं तो उघडा खण हळूच आत ढकलला.

खट्.

आवाज दोघांनीही ऐकला.

"अहो, मी मुद्दाम नाही..."

"असू दे. सवय आहे मला." ती निघाली. रडूही आलं नाही, इतकी ती थकली होती.

पाचव्या दिवशी सकाळी ती मशीनवर बसली असताना दारात तो उभा. काखेत अख्खा खण, शर्टाचं बटण अजून नाहीच.

"घाबरलो होतो," तो म्हणाला. "खोटं कशाला बोलू? तुम्ही एवढं सांगत होतात आणि मला काळजी बटणांची! चार दिवस माझीच मला लाज वाटतेय." त्यानं खण दुसऱ्या काखेत घेतला. "त्या मुलीचं पुढे काय झालं?"

"सुटल्यावर माफी मागायला गेले होते. दार उघडलं नाही तिनं."

"मग?"

"मग काय... बरोबरच होतं तिचं."

त्यानं मान हलवली. खण मशीनवर ठेवला. "हात घाला यात."

"आणि एखादं कमी झालं तर?"

"तर कदाचित पुन्हा घाबरेन. पण खण ओढून घेणार नाही."

"फार दमलेय हो मी."

"मग बसूनच घाला!"

तिला हसू आलं, आणि त्या हसण्यातच डोळे भरून आले. हात पुढे आले. गार, गुळगुळीत बटणांत ते मनगटापर्यंत बुडाले आणि बराच वेळ तिथेच राहिले.

मग तिनं सुई ओवली.

"जवळ या. हलू नका," ती म्हणाली, आणि त्याच्या शर्टावरच्या त्या मोकळ्या जागेसाठी तिनं खणातलं एक बटण उचललं... न विचारता.