रद्दीतल्या गठ्ठ्यांच्या टाचण्या

एकदा मी देवापुढे बसून बोलले होते, "माझा भाऊ आज सुखरूप घरी येऊ दे. ज्याची आठवण काढणारं कोणी उरलं नाही, अशा जिवासाठी मी रोज एक वात जास्त लावीन." का बोलले, ते सांगते. वीज येईपर्यंत जवळ सरकून बसा, पोरांनो.

धाकटा भाऊ आमच्याकडेच राहतो. विद्यापीठाच्या अभिलेखागारात नोकरीला आहे. प्राध्यापक वारले की त्यांचे कागद खोक्यांतून तिथे येतात. त्यातलं जपायचं काय आणि रद्दीत घालायचं काय, ते हा ठरवतो. जपायच्या कागदांच्या टाचण्या आधी काढतात, कारण गंज कागद खातो. रद्दीच्या कोण काढत बसतो?

गेल्या डिसेंबरातला दुसरा शनिवार. संध्याकाळी फोन आला.

"ताई, उशीर होईल गं. एका सरांची खोकी निवडतोय. जन्मात एक चिटोरा टाकला नाही या माणसानं!"

"मग तुझाच भाऊबंद. तुझे फाटके बूट अजून माझ्या माळ्यावर आहेत."

हसला. "डबा आहे, इथेच जेवेन."

त्यानंतर फोन लागेना. रात्री ह्यांनी पहारेकऱ्याला गाठलं. तो म्हणाला, "साहेब गेले असतील. आत काळोख आहे, कुलूप लावलंय." सोमवारपर्यंत आत कोणी फिरकणार नव्हतं. तेव्हा मी देवापुढे बसले.

भाऊ तिथल्या तळघरातच होता; पुढचं सारं त्यानंच मागाहून सांगितलं. सरांचं नाव झालं ते पक्ष्यांवरच्या पुस्तकांनी. पण त्या पक्ष्यांच्या नोंदींचे गठ्ठे निघाले, ते दुसऱ्याच कोणाच्या बारीक अक्षरातले. नाव कुठेच नाही. सरांच्या हातचं नाही, म्हणून यानं ते रद्दीत टाकले.

आणि लोखंडी दार लागलं.

मूठ फिरेना. फोनला रेंज नाही. मग दिवाही गेला. यानं हाका मारल्या. लाथा घातल्या. हवा कोंदत चालली.

रद्दीकडून आवाज आला.

टिक.

पत्र्यावर टाचणी पडावी तसा.

टिक... टिक...

"कोण आहे?"

आवाज थांबला. नुसता श्वास ऐकू येत होता. याचा नव्हता.

यानं रद्दीकडे तोंड करून विचारलं, "हे... तुमचं आहे?"

...

"ठेवतो. खरंच... ठेवतो."

दाराची मूठ आपोआप खाली गेली आणि दार उघडलं.

बाहेरचं दार आतून बडवलं, तेव्हा कुठे पहारेकरी धावत आला. घरी येऊन भाऊ उंबऱ्यातच मटकन बसला. म्हणाला, निघताना मोबाइलच्या उजेडात गठ्ठे जपायच्या फडताळात ठेवले, तर एकाही गठ्ठ्याला टाचणी नव्हती.

"जेवलास?"

"डबा उघडलासुद्धा नाही गं."

डब्याची खिटी घट्ट होती. मी उघडला. अन्नाला हात लागलेला नव्हता. त्यावर गंजक्या टाचण्या, एकीशेजारी एक, नीट मांडलेल्या.

भिऊ नका. जे कोणी होतं, त्यानं माझ्या भावाला सोडलं. मी वात लावते अजून. आज घरी गेलात की तुम्हीही एक लावा. नाव माहीत नसलं तरी चालतं.